मागावरचा माणूस दिल्लीला जातो तेव्हा

परवा सोलापुरात कन्ना चौकात चहा पिताना कुणीतरी म्हणालं, "एकदा तरी आपला यंत्रमागावरचा टॉवेलवाला खासदार करा राव, मग बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, म्हणून इथं लिहितोय.

शहराच्या पूर्व भागातली, म्हणजे आमच्या विणकर वस्तीतली तेलुगू आडनावं दिल्लीत गेलेली नाहीत असं कुठाय? 1980 आणि 84 ला गंगाधर कुचन, 89 आणि 91 ला माजी महापौर धर्मण्णा सादूल. सलग चार निवडणुका. तेव्हा मी शाळेत होतो. निकालाच्या दिवशी साखर पेठेत माग बंद आणि फटाके चालू. काहीजण 2009 पासून जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली त्यावर खापर फोडतात. मला पटत नाही. राखीव जागेवर हातानं कमावणारा माणूस सापडत नाही, असं थोडंच आहे? सुशीलकुमार शिंदे इथल्याच कोर्टात शिपाई होते. पण नोकरी सोडली की त्या जागेवर दुसरा येतो, माग सोडला की गंज येतो.

आमच्या गल्लीतल्या मामांचंच घ्या. आठ माग, टॉवेलचा धंदा, सुताचा भाव तोंडपाठ. लोकांनीच आग्रह करून नगरसेवक केलं. खासदार नव्हे हां, फक्त नगरसेवक! पहाटे पाचला दारात माणसं. कुणाचं नळाला पाणी नाही, कुणाचा पोरगा चौकीत. भीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला तरी नवा जोडायला मामा कारखान्यात नाहीत. माग दुरुस्त करणारा जॉबर दोन महिने थांबला, मग एमआयडीसीत गेला. व्यापाऱ्यानं माल दुसरीकडून उचलला, बोलला मात्र गोड. पाच वर्षांत आठाचे तीन झाले, बाकीचे भंगारात किलोवर. मामींनी बाहेरचं हेमिंगचं, टॉवेलच्या कडा शिवायचं काम घरी आणलं.

वर आम्हीच म्हणायचो, "मामा आता मोठे झाले, भेटत नाहीत."

मग खासदारकीचं काय? खर्चाची मर्यादाच 95 लाख. ती कायद्यातली, प्रत्यक्षातली तुम्हाला माहीत आहेच. निवडून आला तर पगार 1 लाख 24 हजार, वर्षाला 5 कोटींचा निधी. त्यातून सभामंडप होईल, सुताचा भाव एक रुपयानं उतरणार नाही. तो भाव ज्याला छळतो त्यानंच संसदेत बोलावं, हे मलाही मान्य आहे. पण तिथं पोचेपर्यंत त्याचा कारखाना आपणच बंद पाडलेला असतो. त्याला लग्नाला बोलावतो, बारशाला बोलावतो, गटार तुंबलं की फोन करतो. सुताबद्दल कोण विचारतो?

मामा आता सत्तरीत. संध्याकाळी माझ्या शेडमध्ये येऊन बसतात. राजकारणाचा विषय काढला की हात हलवतात. काल बसल्या बसल्या मान वाकडी करून मागांचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "तिसऱ्या मागाचा पिकर बदल रे, धोटा नीट बसंना झालाय."

उघडून बघितलं. धोट्याला इकडून तिकडं ठोकणारा तो पिकर फाटलेलाच होता.