घोडावर बसणारा आजी

गेल्या ऑक्टोबरात माझ्या भाचीने जाहीर केलं, की ती महिनाभर रोज शाईने एक चित्र काढणार आहे. याला इंकटोबर म्हणतात. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली आपला शाईचा हात सुधारावा म्हणून हे व्रत धरलं आणि आता जगभरची मंडळी ऑक्टोबरचे ३१ दिवस ते पाळतात. रोजच्या विषयांची एक अधिकृत यादी असते, दिवसाला एक इंग्रजी शब्द. भाची तिसऱ्या दिवशीच कंटाळली.

"मामा, मला आपले विषय हवेत. आणि आज काय येणार ते आधी कळता कामा नये. तू कॉम्प्युटरवाला आहेस ना?"

मी कॉम्प्युटरवाला नाही, अकाउंट्सवाला आहे. पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि नातेवाइकांना तेवढं पुरतं. तेव्हा तिच्यासाठी चित्रांचे विषय देणारी वेबसाइट करायला बसलो.

तसं विषय देऊन चित्र काढायला लावणं आपल्याकडे नवीन नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा. 'भाजी मंडई' येवो की 'बसथांबा', मी आधी मागे दोन डोंगर काढून त्यांच्या मधोमध सूर्य उगवून घ्यायचो. मला सी ग्रेड मिळाली होती. तेव्हा या वेबसाइटमागे थोडी जुनी उधारीही होती.

बेत सोपा होता. तीन याद्या करायच्या: कोण, काय करतंय, कुठे. प्रत्येकीत ४० नोंदी. बटण दाबलं की तिन्हींतून एकेक उचलायची. ४० गुणिले ४० गुणिले ४०, म्हणजे ६४,००० विषय. रोज एक काढला तर १७५ वर्षं पुरतील, असं मी बायकोला सांगितलं. "तोवर गिझर दुरुस्त होईल ना?" तिने विचारलं.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलं: 'घोडावर बसणारा आजी'.

इंग्रजीत ही भानगड नाही. तिथे घोड्यावर राजा बसो की राणी, बसण्याचं रूप तेच आणि घोडाही जागच्या जागी राहतो. आपल्याकडे म्हैस पिणारी, रेडा पिणारा, वासरू पिणारं. शिवाय घोड्याला 'वर' लावला की त्याचा घोड्या होतो, झाडाचा झाडा होतो आणि छत्रीला मात्र काहीच होत नाही. शाळेत सामान्यरूपाचा धडा मी ऑप्शनला टाकला होता. तीस वर्षांनी तो रात्री साडेअकराला व्याजासकट वसुलीला आला.

सामान्यरूपाशी मी तह केला. 'घोड्यावर', 'झाडाखाली', 'रिक्षात' असं सगळं हातानेच लिहून काढलं. लिंगासाठी मात्र एक्सेलमध्ये वेगळा रकाना उघडला: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. मग 'आजोबा' आले. 'चहा पिणारा आजोबा' वाचून आई म्हणाली, "हेच वळण लावलं का तुला?" चौथा प्रकार उघडावा लागला: आदरार्थी. गणपतीला त्यात घालायला गेलो तर म्हणाली, "बाप्पाला कुणी अहो-जाहो करतं का?" म्हणजे विघ्नहर्त्याला अरे-तुरे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कना अहो. हे कॉम्प्युटरला समजावणं राहू दे, मलाच अजून धड समजलेलं नाही. 'पेन हरवलेला वाघ' की 'पेन हरवलेलं वाघ' अशी शंका मी उगाच मोठ्याने काढली. त्यावर तो पेन की ते पेन यावरून बायको आणि आई पाऊण तास भांडल्या. वाघ बाजूलाच राहिला. मी पेन यादीतून काढून टाकला. काढून टाकलं.

मग हौस म्हणून, शब्द टाइपरायटरवर उमटल्यासारखे एकेक अक्षराने यावेत अशी सोय केली. आपल्याला 'स्त्री' हे एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटर मात्र त्यात सहा तुकडे मोजतो: स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि वेलांटी. त्यामुळे बिचारा 'इस्त्रीवाला' पडद्यावर यायचा तो अडखळत, पाय मोडत: इ, इस, इस्, इस्त, इस्त्... कपडे जळतील इतका वेळ. हौस आवरली.

शेवटी वेबसाइट चढवली. तळाला मी लिहिलं, 'ही एका चाहत्याने केलेली वेबसाइट आहे, अधिकृत नाही.' बायको म्हणाली, "अधिकृत आहे असं कुणाला वाटलं असतं?"

दोन दिवस मजेत गेले. 'गच्चीवर पापड वाळत घालणारा गेंडा' तर भाचीने फार सुंदर काढला. तिसऱ्या दिवशी तिने चित्र पाठवलं. पागोळीखाली कांदे निवडत बसलेलं एक लोकरी, तीन पायांचं, अर्धवट चेहऱ्याचं काहीतरी. खाली नाव: 'अनडिफाइंड'.

"हे काय?"

"तुझ्या वेबसाइटनेच दिलं."

त्याच संध्याकाळी आईने तक्रार केली, की ती दुपारपासून बटण दाबतेय आणि गणपती एकदाही आलेला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटर याद्या शून्यापासून मोजतो. ४० नोंदींतली पहिली शून्य नंबरची, शेवटची ३९. मी शहाणपणाने एक मिळवून १ ते ४० असे आकडे काढत होतो. ४० नंबरच्या जागी कुणीच राहत नाही, तिथून इंग्रजीत 'अनडिफाइंड', म्हणजे 'इथे काही ठरवलेलंच नाही', असं उत्तर यायचं. आणि शुभारंभ म्हणून पहिल्या जागी मी ज्याला बसवला होता, त्याला कधीच बोलावणं जात नव्हतं. श्रीगणेशा केला होता, पण गणेश वगळून.

ते एक काढून टाकलं. मग "पुन्हा म्हैस!" हे दुखणं आलं. ४०तून आठ वेळा उचललं तर एखादी नोंद दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे मी भाचीला गणिताने पटवून दिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पत्ते पिसतात तसं पिस की. सगळे वाटून झाल्याशिवाय म्हैस परत नाही." दोन रात्रींचं माझं काम तिने एका वाक्यात सांगितलं. तसंच केलं.

आठवड्याने तिचा फोन आला. "मामा, अनडिफाइंड इतक्यात आलं नाही रे."

"काढून टाकलं मी. चूक होती ती."

पलीकडे शांतता. मग बारीक आवाजात, "मी त्याला घर काढून ठेवलंय."

आता काय करता? एक्सेल उघडलं, 'कोण'च्या यादीत एकेचाळिसावी नोंद केली. कर्सर पुढच्या रकान्यात जाऊन थांबला.

"अगं, लिंग काय लिहू? तो, ती की ते?"

तिने बराच विचार केला.

"अहो-जाहो कर, मामा. म्हातारे आहेत ते."