यांगनं रिपोर्ट फाडला नव्हता

‘कोरियातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. एकोणीस वर्षांपर्यंत गोल्फची स्टिक हातात धरली नव्हती. गुडघा मोडला. डॉक्टर म्हणाले, खेळ विसर. त्यानं डॉक्टरसमोरच रिपोर्ट फाडला! कोच नाही, पैसा नाही, पायात धड बूट नाहीत. फक्त जिद्द. आणि आयुष्यात कधीही न हरलेल्या टायगर वूड्सला त्यानं शेवटच्या फटक्यात होल-इन-वन मारून धूळ चारली. टायगरनं त्या दिवशी स्टिक खाली ठेवली ती कायमची. मेजर जिंकणारा पहिला आशियाई! कारणं सांगणाऱ्या आपल्या मुलांना हे वाचून दाखवा.’

खाली वाशीतल्या कुठल्याशा ‘माइंडसेट’ शिबिराची जाहिरात, फोन नंबर आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग.

हा मेसेज तुमच्याकडंही आला असेल. माझ्याकडं सोसायटीच्या ग्रुपवरून आला, शाळेच्या ग्रुपवरून आला, मी सोडून दिला. असल्या प्रत्येक मेसेजवर भांडत बसलं तर ठाण्याहून आठ-वीसची लोकल मिळायची नाही. पण कोपरखैरण्याला आमच्या दाजींनी शेवटची ओळ मनावर घेतली आणि तो खरोखरच वाचून दाखवला, माझ्या भाच्याला. भाचा सतरा वर्षांचा. मंडळाकडून कबड्डी खेळतो, उजवा कोपरा सांभाळतो. घोटापकड करताना समोरच्याचं वजन अंगावर आलं, गुडघा आत वळला, सुजला. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला आणि तोवर मॅटवर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. एमआरआय अजून झालेला नाही. स्पर्धा तोंडावर आहे, आणि मेसेजमधल्या त्या कोरियन यांगनं म्हणे रिपोर्ट फाडला होता.

दाजी, राग मानू नका. तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलंत, मी चार लोकांत उत्तर देतोय, कारण तुमच्यासारखे बाप या खाडीच्या दोन्ही बाजूंना भरपूर आहेत.

तर आधी गुडघा, कारण बाकीच्या थापांनी कुणाचं काही मोडत नाही.

माणूस खरा आहे. यांग योंग-उन, जगाला वाय. ई. यांग म्हणून माहीत. जन्म १९७२ चा, दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचा. तरुणपणी त्याला शरीरसौष्ठवात जायचं होतं, स्वतःची जिम काढायची होती. गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथंच संपलं. संपलं म्हणजे त्यानं ते सोडलं. दात-ओठ खात वजनं उचलत राहिला नाही. मग पोटापाण्यासाठी गोल्फच्या सराव मैदानावर लोकांनी मारलेले चेंडू गोळा करायचं काम धरलं आणि तिथून गोल्फ सुरू झालं. म्हणजे सगळी गोष्ट सुरूच होते ती गुडघ्याचं ऐकल्यामुळं. ऐकलं नसतं तर जेजूमधला एक लंगडा जिमवाला झाला असता, आणि वाशीच्या शिबिरवाल्याला दुसरा हीरो शोधावा लागला असता. रिपोर्ट फाडल्याचा प्रसंग या फॉरवर्डाबाहेर मला कुठंच सापडला नाही. पण तो खरा असता तरी काय? कागद फाडून आतला लिगामेंट शिवला जातो का?

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. या जोडीत डॉक्टरांना झुगारून खेळलेला एक माणूस आहे, पण तो यांग नव्हे. तो टायगर. २००८ ची यूएस ओपन, कॅलिफोर्नियातलं टॉरी पाइन्स. डाव्या गुडघ्यातला एसीएल हा मुख्य लिगामेंट तुटलेला, नडगीच्या हाडाला ताणामुळं पडलेल्या दोन भेगा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा फटका सुटतो तेव्हा सगळा भार याच डाव्या गुडघ्यावर वळतो. तशात तो ९१ होल खेळला आणि ४५ वर्षांच्या रॉको मीडिएटला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळात, हरवून जिंकला. दर काही फटक्यांनी चेहरा वाकडा होताना जगानं पाहिलं. झालं, म्हणजे जिद्दच जिंकली ना, असं तुम्ही म्हणाल. थोडं थांबा. त्याच महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, उरलेला अख्खा हंगाम गेला, परतायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. जगातले उत्तमातले डॉक्टर, पाण्यासारखा पैसा आणि कुणाच्या बापाची घाई नसताना आठ महिने. पुढच्या वर्षांत पाठीवरही शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये मणके जोडून घ्यायची वेळ आली. पाठीचं खापर गुडघ्यावर फोडायला मी डॉक्टर नाही, पण मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही.

आणि गोल्फमध्ये निदान अंगावर कोणी येत नाही. चालायचं, उभं राहायचं, मारायचं. कबड्डीत कोपऱ्यावरच्या पोरानं घोटा धरला की चढाईपटू उसळतो, मागून स्वतःच्याच संघाची साखळी येऊन आदळते, आणि ते सगळं ओझं त्या वाकलेल्या गुडघ्यावर. एसीएल गेला असेल तर गुडघा मध्येच सटकतो, आणि असा दोन-चारदा सटकला की आतली मेनिस्कसची गादीही फाटते. मग आज जे व्यायामानं किंवा एका शस्त्रक्रियेनं भागलं असतं त्याचं दुप्पट दुखणं होतं. कदाचित काहीच नसेल, नुसती मुरगळ असेल. ते एमआरआय सांगेल. शनिवारची वेळ मी घेतली आहे, पैशांचं नंतर बघू.

बरं, आता अर्धसत्य. जिवावर येतं, पण मान्य करतो. यांग शेतकऱ्याचा मुलगा होता हे खरं. एकोणिसाव्या वर्षी गोल्फ सुरू केलं हेही खरं, आणि ज्या खेळात पोरं पाचव्या-सहाव्या वर्षी उभी केली जातात तिथं हे जवळजवळ वेडेपणाचं आहे. टायगर तर दोन वर्षांचा असताना टीव्हीवर चेंडू मारून दाखवत होता. सुरुवातीला यांगला कोच नव्हता, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फटके बघून तो शिकला, हेही खरं. एवढ्यावरच थांबला असता तर हा मेसेज मीच पुढं पाठवला असता.

पण मेसेज एकोणिसाव्या वर्षावरून जी उडी मारतो ती थेट टायगरच्या छातीवर. मधली अठरा वर्षं कुठं गेली? २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगरला मागं टाकून यांग जिंकला तेव्हा ३७ वर्षांचा होता. मध्ये सक्तीची लष्करी नोकरी झाली, १९९६ मध्ये तो व्यावसायिक झाला, कोरियात खेळला, जपानच्या टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, स्पर्धा जिंकला. अमेरिकेच्या टूरवर टिकता येईना म्हणून २००८ च्या अखेरीस पुन्हा पात्रता स्पर्धेच्या रांगेत उभा राहिला. ‘क्यू-स्कूल’ म्हणतात तिला, नावाजलेले लोकही तिथं घामाघूम होतात. मार्च २००९ मध्ये फ्लोरिडात होंडा क्लासिक जिंकला. त्या एका विजेतेपदाचं बक्षीस दहा लाख डॉलर होतं, तेव्हा पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच्या पायात बूट नव्हते ही काळजी सोडून द्या. कोचही होता, ब्रायन मॉग नावाचा, फ्लोरिडातला. जिद्द होतीच हो, कोण नाही म्हणतंय? ती अठरा वर्षं रोज पहाटे उठून चेंडू मारण्यात खर्च झाली. पण तेवढं सांगितलं तर दोन दिवसांच्या शिबिराचं तिकीट कोण काढणार?

‘कधीही न हरलेला टायगर’ हे तर इतकं बिनबुडाचं आहे की हसावं का रडावं कळत नाही. गोल्फमध्ये दीडशे जण एकदम खेळतात, सगळ्यात थोर खेळाडूही जिंकतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा हरतो. त्याच वर्षी जुलैत ब्रिटिश ओपनमध्ये टायगर दोन दिवसांत बाहेर पडला होता, पुढच्या दोन दिवसांसाठीच्या निवडीत (कटमध्ये) बसला नव्हता. आणि यांगकडून हरायचीही ती पहिली वेळ नव्हती. नोव्हेंबर २००६, शांघाय, एचएसबीसी चॅम्पियन्स. पहिला यांग, दोन फटके मागं दुसरा टायगर (गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो). त्यामुळं २००९ मध्ये ‘हा कोण?’ असं जगानं विचारलं असेल, टायगरनं नक्कीच नाही.

खरी गोष्ट याहून छोटी आणि जास्त जबरदस्त आहे, ती कुणी लिहीत नाही. मेजर म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, त्या चार दिवसांच्या असतात. तोवर चौदा वेळा टायगर तीन दिवसांअखेर आघाडीवर किंवा बरोबरीत राहिला होता, आणि चौदाही वेळा जिंकला होता. शनिवारी रात्री तो पुढं असला की रविवारी बाकीचे दुसऱ्या क्रमांकासाठी खेळत. ती साखळी तोडली जागतिक क्रमवारीत ११० व्या असलेल्या माणसानं. मी तेव्हा ऐरोलीत एका कॉल सेंटरला रात्रपाळी करायचो, पलीकडच्या गोऱ्या गिऱ्हाइकांमुळं कॅन्टीनच्या टीव्हीवर कायम त्यांचेच खेळ लावलेले असायचे. गोल्फ मला तिथं कळलं, खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर नव्हे. तिथं मी अजून आत गेलेलो नाही.

होल-इन-वनबद्दल, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घालण्याबद्दल, माझं म्हणणं सोडा, पीजीए चॅम्पियनशिपचं अधिकृत स्कोअरकार्ड बघा. सगळ्यांना बघायला मिळतं, आणि या मेसेजमधल्या निम्म्या थापा ते एकटं निकालात काढतं. १६ ऑगस्ट २००९, हेझेल्टीन, मिनेसोटा. यांगचे चार दिवस: ७३, ७०, ६७, ७०. टायगरचे: ६७, ७०, ७१, ७५. बेरीज २८० आणि २८३. रविवारी सकाळी टायगर दोन फटक्यांनी पुढं, संध्याकाळी तीन फटक्यांनी मागं. म्हणजे एका चमत्कारी फटक्यानं सामना फिरला नाही. पाच फटक्यांचा फरक दिवसभरात पडला, आणि त्यात मोठा वाटा टायगरच्या चुकलेल्या पटांचा, म्हणजे होलजवळून चेंडू आत ढकलायच्या हलक्या फटक्यांचा होता. समोरचा चुकत असताना आपण न चुकणं ही यांगची त्या दिवशीची करामत.

तरी दोन फटके आहेत, कोणी विचारलं तर सांगायला. तेराव्या होलपर्यंत दोघं बरोबरीत. चौदावा छोटा पार-४, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला होल, पहिल्याच फटक्यात ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, जवळ जाता येईल असा. यांगचा चेंडू ग्रीनच्या अलीकडं थांबला, आणि तिथून वीसएक यार्डांवरून त्यानं चिप केलेला चेंडू घरंगळत थेट होलमध्ये. दोन फटक्यांत होल, म्हणजे ईगल. टायगरनंही तिथं बर्डी (अपेक्षेपेक्षा एक फटका कमी) काढली, तरी यांग त्या दिवशी पहिल्यांदाच पुढं गेला. सतराव्यावर दोघांचीही बोगी, म्हणजे एक फटका जास्त. अठराव्यावर, म्हणजे शेवटच्या होलवर, एका फटक्याची आघाडी घेऊन आलेला यांग, समोर झाड, ग्रीन दोनशे यार्डांहून जास्त लांब. कुणीही शहाणा माणूस जपून खेळला असता. त्यानं लांब पल्ल्याची हायब्रिड स्टिक काढली आणि चेंडू झाडावरून उडवून होलपासून काही पावलांवर टाकला. पट घातला, बर्डी. टायगरची बोगी. मग यांगनं स्टिक्सची ती जडशीळ बॅग दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. शरीरसौष्ठववाल्याची हौस अशी फिटली म्हणायची.

अठरावा होल चारशे मीटरहून लांब आहे. तिथं होल-इन-वन मारायचं तर ठाणे स्टेशनच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडं ठेवलेल्या पेल्यात चेंडू टाकावा लागेल. जाहिरातीतल्या नंबरावर फोन करून मी हे विचारलं. ‘सर, फॅक्टपेक्षा फील बघा,’ असं उत्तर आलं, आणि लगेच अर्ली बर्ड डिस्काउंटची माहिती.

पहिला आशियाई? पहिला आशियाई पुरुष म्हणा. यांगच्याच देशातल्या पाक से-री हिनं १९९८ मध्ये, वीस वर्षांची असताना, एकाच हंगामात दोन मेजर जिंकल्या होत्या. त्यानंतर कोरियातल्या मुलींची पिढीच्या पिढी गोल्फकडं वळली. दाजी, तुमची धाकटी लेक कबड्डीचं नाव काढते तेव्हा तुम्ही विषय बदलता, म्हणून ही ओळ मुद्दाम लिहिली. आणि ज्याला हरवल्याचा एवढा आशियाई अभिमान, त्या टायगरची आई थायलंडची.

राहता राहिलं टायगरनं स्टिक खाली ठेवणं. हरल्यानंतर महिनाभरात त्यानं बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप आठ फटक्यांनी जिंकली. पुढं त्याच्या घरगुती भानगडी चव्हाट्यावर आल्या, शरीर मोडलं, मेजर मिळायला २०१९ ची मास्टर्स उजाडावी लागली, हे सगळं झालं, पण त्यात यांगचा हात नाही. हेझेल्टीननंतर दोन महिन्यांच्या आतच सॅन फ्रान्सिस्कोत प्रेसिडेंट्स कप ही सांघिक स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी एकास एक सामने असतात, फटके नव्हे तर जिंकलेले होल मोजतात, आणि जोडी लागली टायगर विरुद्ध यांग. टायगर सहा होलनी पुढं गेला तेव्हा पाचच होल उरले होते. सामना तिथंच संपला.