साडेतीनशे फुटांचा साप आणि भाड्याची गाडी

ज्या कलाकृतीसाठी वाहनतळ, तिकीटखिडकी आणि थंडगार दालन यांपैकी काहीच लागत नाही, ती पाहण्याचा सगळा भार गाडी चालवणाऱ्यावर पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अशा कलाकृती रस्त्याच्या कडेला मुबलक असून त्या एका दिवसात, तेही आडवाटांनी, उरकता येतात, हा शोध सॅन डिएगोत राहणाऱ्या माझ्या मेहुण्याचा. त्याच्याकडे नकाशा होता, सौ.कडे कॅमेरा होता आणि माझ्याकडे, सर्वांत शांत स्वभावाचा म्हणून, स्टिअरिंग होते.

पहिले ठिकाण बोरेगो स्प्रिंग्ज. कागद सोलून चिकटवायची लेबले शोधून काढणाऱ्या उद्योजकाचे चिरंजीव डेनिस एव्हरी यांनी येथे वाळवंटातली बरीच जमीन घेतली आणि रिकार्डो ब्रेसेडा या शिल्पकाराकडून तिच्यावर लोखंडी प्राणी उभे करून घेतले. हत्ती, उंट, घोडे, कासवे, एकमेकांसमोर दंड थोपटून उभे असलेले विंचू आणि नाकतोडा, अशी १३० हून अधिक शिल्पे तेथे आहेत. ब्रेसेडांच्या लहान मुलीने वडिलांकडे डायनासोर मागितला आणि त्यांनी तो पत्र्याचा करून दिला, तेथून हा व्याप सुरू झाला, असे मेहुण्याने सांगितले. मुलांचे हट्ट पुरवू नयेत असे आमचे आजोबा म्हणत असत, त्याचा खरा अर्थ मला त्या उन्हात उमगला.

अडचण अशी की, ही मंडळी वाळूत उभी आहेत आणि त्यांच्यापर्यंत फक्त कच्च्या वाटा जातात. आमची गाडी भाड्याची होती आणि करारातल्या बारीक अक्षरांत, डांबरी रस्ता सोडल्यास विम्याचे संरक्षण मिळणार नाही, असे एक कलम होते. ते वाचलेला गाडीतला एकमेव इसम मी.

"भाऊजी, घ्या की आत. सगळे नेतात."

"सगळ्यांच्या गाड्या स्वतःच्या असतील."

"अहो, इथून तो हत्ती उंदराएवढा दिसतोय," सौ. कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाली.

परिणामी आम्ही प्रत्येक प्राण्याकडे पायी गेलो. गाडीच्या फलकावर तापमान शंभर अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले होते, बुटांत वाळू भरत होती आणि उंटाकडे जाताना चोया नावाच्या निवडुंगाचा एक गोळा माझ्या पोटरीला येऊन चिकटला. या वनस्पतीचे काटे कातडीत शिरतात ते उलट्या आकड्यांसारखे अडकून बसतात, आणि बोटांनी काढायला गेल्यास गोळा बोटांना चिकटतो. तो कंगव्याने उचकटावा लागतो. मेहुण्याने स्वतःचा कंगवा काढला, गोळा झटक्यात उडवला आणि नंतर त्याच कंगव्याने निर्विकारपणे भांग पाडला. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्या क्षणी वाढला, एवढे कबूल करायला हवे.

या सगळ्या प्राण्यांत माझा जीव जडला तो एकट्या सापावर. सुमारे ३५० फूट लांबीचा, ड्रॅगनच्या तोंडाचा हा सर्प वाळूतून कमानी काढत रस्त्यापर्यंत येतो, डांबराखाली बुडी मारल्याचा आभास निर्माण करतो आणि पलीकडे शेपटी वर काढतो. गंजलेल्या पत्र्याचा एकेक खवला वेगळा कापून, वाकवून, डाग देऊन बसवलेला आहे आणि जोडावर वितळलेल्या धातूचे थेंब हाताला लागतात. शिवाय तो गाडीत बसून पाहता येतो. करार पाळून पाहता येण्यासारखी कलाकृती त्या परिसरात मला तरी दुसरी आढळली नाही.

तेथून रस्ता उतरत उतरत समुद्रसपाटीच्याही खाली जातो. १९०५ साली कोलोरॅडो नदी कालवा फोडून या खोलगटात घुसली, ती १९०७ मध्येच आवरली आणि मागे सॉल्टन सी हे खारे सरोवर राहिले. वाटेतले कॅलिपॅट्रिया हे गाव समुद्रसपाटीच्या १८४ फूट खाली आहे, म्हणून गावकऱ्यांनी १८४ फूट उंचीचा ध्वजस्तंभ उभारून झेंडा तरी समुद्रपातळीवर आणला आहे. स्तंभ डांबरी रस्त्यावरून दिसतो. मी गाडी थांबवली नाही.

नायलंडजवळचा सॅल्व्हेशन माउंटन मात्र टाळता येण्यासारखा नव्हता. लिओनार्ड नाइट हे गृहस्थ १९८० च्या दशकात येथे थोडे दिवस राहायला म्हणून आले आणि देवाच्या प्रेमाची ग्वाही देणारा डोंगर रंगवत सुमारे पावशतक राहिले. त्यांचा पहिला डोंगर १९८९ मध्ये कोसळला, तेव्हा त्यांनी माती आणि गवताच्या पेंढ्या वापरून दुसरा रचला व लोकांनी देणगीदाखल दिलेला रंग थरावर थर चढवला. १९९४ मध्ये हा डोंगर विषारी कचरा ठरू पाहत होता आणि २००२ मध्ये अमेरिकी संसदेत त्याची राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद झाली. आठ वर्षांत एवढी बढती सरकारी नोकरीत कोणाला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वर चढायला पिवळ्या रंगाने आखलेली पायवाट आहे. मी अर्ध्यापर्यंत गेलो आणि उरलेली श्रद्धा मेहुण्यावर सोपवली. पलीकडच्या ईस्ट जीझस नावाच्या वसाहतीत टाकाऊ दूरचित्रवाणी संचांची अख्खी भिंत आहे. तिच्या सावलीत मला फार बरे वाटले.

शेवटी सरोवराकाठचे बॉम्बे बीच. नावाच्या पाटीसमोर सौ.ने फोटो काढून घेतले, हे सांगायलाच नको. एके काळच्या या सहलीच्या गावात २०१६ पासून कलावंतांचा मेळा भरू लागला आणि जुनाट, मोडक्या गाड्या पडद्यासमोर रांगेने उभ्या करून त्यांनी एक बंद पडलेले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह मांडले आहे. दिवसभराच्या धुळीने आमच्या गाडीचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. ती रांगेच्या टोकाशी लावून, खिडकी उघडी ठेवून मी मान मागे टाकून डोळे मिटले.

थोड्या वेळाने एक वयस्कर जोडपे आमच्या गाडीभोवती फिरत फोटो काढताना दिसले. आत बसलेला माणूसही कलाकृतीचाच भाग आहे का, असे त्यांनी मेहुण्याला अदबीने विचारले. दिवसभर प्रत्येक प्रश्नाला लांबलचक व्याख्यान देणारा हा गृहस्थ "यस" एवढेच म्हणाला आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत पुटपुटला, "भाऊजी, दोन मिनिटं हलू नका."