खुलासा: डुकराच्या कॉर्नियाचा तो मेसेज पुढे पाठवू नका

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कॉर्नियाबद्दल (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याबद्दल) फिरतंय: ‘कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून डुकराचा कॉर्नियाही आपलं शरीर नाकारत नाही. आता नेत्रदानाची गरज नाही.’ काल मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा. शेजारच्या काकू नेत्रदानाचा फॉर्म परत घ्यायला निघाल्या, तेव्हा मी नीट शोधून वाचलं.

रक्तवाहिन्यांचं खरं आहे. त्यामुळेच माणसाचा कॉर्निया माणसाला बरेचदा टिकतो, तरी तिथेही शरीर कधीकधी तो नाकारतंच. डुकराच्या पेशींवर तर अल्फा-गॅल नावाची साखर असते, आणि तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. १८३८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. किसम यांनी डुकराचा कॉर्निया बसवला होता. काही आठवड्यांतच तो धुरकट झाला.

गोंधळ बहुधा २०२२च्या बातमीमुळे झाला असावा. तेव्हा भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांच्या डोळ्यांत बसवलं ते डुकराच्या कातडीतलं शुद्ध केलेलं कोलाजेन नावाचं प्रथिन. त्यात पेशीच नव्हत्या!

काकूंचा फॉर्म कायम आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत नेत्रदान व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं. जुना मेसेज कृपया डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.