दिलेली ओवाळणी परत मागतात का?

दसरा झाला की आमच्या लोकलच्या डब्यात दिवाळीच्या गप्पा सुरू होतात. भाजणी कुणाकडची, कंदील कुठून, मुलांचे कपडे यंदा घ्यायचे की लग्नसराईत घेऊन टाकायचे. परवा ठाणं गेल्यावर शेजारी बसलेली मैत्रीण जरा आवाज खाली करून म्हणाली, "अगं, तुमच्याकडे ते प्लेस्टेशन आहे ना? आमचा वर्षभर मागे लागलाय. नवरा म्हणतो, सहामाहीत ८५ टक्के आणून दाखव, मग दिवाळीला घेतो. म्हणजे निदान अभ्यास तरी होईल. बरोबर ना?"

दादर येईपर्यंत मी बोलत होते, तरी सगळं सांगून झालं नाही. ती उतरली, मी पुढे गेले, आणि दिवसभर ते डोक्यात राहिलं. कारण काही महिन्यांपूर्वी असंच वाक्य आमच्या घरात बोललं गेलं होतं, आणि बोलणारी मी होते.

आम्ही २०२४ च्या दिवाळीत प्लेस्टेशन ५ घेतला, सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. लेक तेव्हा सातवीत. हे यंत्र भारतात आलं २ फेब्रुवारी २०२१ ला, तेव्हा गेमची डिस्क घालता येते त्या प्रकाराची किंमत ४९,९९० होती आणि ऑनलाइन नोंदणी काही मिनिटांत संपली होती. जगभर चिपचा तुटवडा होता, लोक जास्तीचे पैसे मोजून घेत होते. पुढे किंमत वाढून ५४,९९० झाली. दिवाळीत काही हजार उतरतात, पण उतरून उतरून किती उतरणार? आमच्यासारख्या दोन पगारांच्या घरातसुद्धा ही रक्कम विचार करून खर्च करायची आहे. माझ्या भावाने त्यात थोडे घातले, सासऱ्यांनी थोडे, उरलेले आमचे. पाडव्याला खोका उघडला.

त्या खरेदीबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढे जानेवारीत मी जे केलं त्याचं.

चाचणीत गणितात पंचवीसपैकी अकरा आले. मी त्याच संध्याकाळी वायरी काढल्या, यंत्र खोक्यात घातलं आणि माळ्यावर, फराळाच्या डब्यांच्या मागे ठेवून दिलं. "वार्षिक परीक्षेत ऐंशीच्या वर आण, मग खाली येईल." लेक काही बोलला नाही. रडला नाही, भांडला नाही. मला वाटलं, चला, लागला वळणाला.

साधारण पाच आठवड्यांनी मी हाफ डे घेऊन तीनच्या सुमाराला घरी आले. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. हॉलमध्ये टीव्ही बंद. त्याच्यासमोर लेक मांडी घालून बसलेला, हातात कंट्रोलर, म्हणजे गेम खेळायचं बटणांचं यंत्र. कंट्रोलर तेवढा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये राहून गेला होता. काळ्या पडद्याकडे बघत त्याचे दोन्ही अंगठे चालले होते. डावा पुढे, उजवा टक टक, मग थांबून परत. मी दारात उभी राहून मिनिटभर बघत होते, त्याला कळलंही नाही.

"काय करतोयस रे?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "आजीची ती उडी राहिली होती ना. तिला शिकवायची आहे. मी विसरून जाईन म्हणून करून बघत होतो."

ही आजीची उडी काय ते सांगायला हवं. प्लेस्टेशन ५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम नावाचा गेम आधीपासून घातलेला असतो, वेगळे पैसे नाहीत. एक छोटा पांढरा रोबो, तो पळतो, उड्या मारतो, दोऱ्या ओढतो. मारामारी जवळजवळ नाहीच. यातली गंमत कंट्रोलरमध्ये आहे. रोबो वाळूतून चालला की हाताला किरकिर जाणवते, बर्फावरून घसरला की वेगळं, आणि पाऊस आला की तळहाताला थेंब लागल्यासारखे वाटतात. दिवाळीच्या सुट्टीत लेकाने सासूबाईंच्या हातात तो कंट्रोलर दिला. त्या नको नको म्हणत होत्या. मग पावसाची जागा आली आणि त्यांनी दचकून हात वर केले, "अगं बाई, पाऊस लागतोय की हाताला!" एकाहत्तर वर्षांची बाई, तिने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला, "बघ, तू बघ."

तेव्हापासून रोज शाळेतून आला, दूध प्यायला की आजी आणि नातू अर्धा-पाऊण तास बसायचे. त्यांना एक उडी जमत नव्हती. बटण दाबायचं, सोडायचं, परत दाबून धरायचं. बोटं आखडलेली, वेळ साधायचा नाही. तो त्यांच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून शिकवायचा. घरात दुसऱ्या कुठल्या कामासाठी त्याला मी इतकं चिकाटीने बसलेलं पाहिलं नव्हतं.

आणि अकरा मार्कांसाठी मी ते माळ्यावर टाकलं. सासूबाईंनी तोंडातून शब्द काढला नाही, कारण मुलाच्या अभ्यासात आपण मध्ये पडू नये असं त्यांना वाटत असणार.

मी त्या संध्याकाळी स्टूल घेऊन चढले आणि यंत्र खाली काढलं. वार्षिकमध्ये ऐंशी आले का? नाही आले. गणितासाठी वेगळं बसायला लागलं, अपूर्णांकांपासून मागे जायला लागलं, ते आम्ही मे महिन्यात केलं. त्याचं गणित कच्चं होतं आणि मी शिक्षा भलत्याच गोष्टीला केली होती.

मंडळी, भाऊबीजेला भाऊ ताटात ओवाळणी टाकतो. चार महिन्यांनी त्याला बहिणीचं वागणं पटलं नाही म्हणून ती परत मागतो का? "वर्षभर नीट वागलीस तर तुझी" अशा बोलीवर कुणी ओवाळणी घालतं का? आपल्या रीतीत दिलेलं ते दिलेलं. मग मुलाला दिलेल्या वस्तूलाच आपण ही दोरी का बांधून ठेवतो? टक्क्यांच्या अटीवर घेतलं तर ती भेट राहत नाही, मजुरी होते, आणि तिचा हप्ता दर चाचणीला भरायचा असतो. मूल त्या यंत्राकडे आनंदाने बघत नाही, ओलीस ठेवलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतं. कधी जाईल सांगता येत नाही, तर आत्ताच जितकं जमेल तितकं खेळून घ्या. परत मिळाल्यावर पहिले दोन आठवडे आमचा लेक अगदी असाच खेळायचा, हावरटासारखा. तो हावरटपणा मी शिकवला.

याचा अर्थ मोकळं सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. नियम हवेतच. पण नियम खेळाबद्दलचा असावा आणि आधी सांगितलेला असावा. आमच्याकडे शाळेच्या दिवशी पाऊण तास, शनिवार-रविवारी दोन तास, जेवायला बसलं की बंद. हाक मारल्यावर तीनदा "एक मिनिट, एक मिनिट" झालं तर दुसऱ्या दिवशीचा खेळ नाही. हे त्याला पटतं, कारण खेळाची चूक आणि खेळाचीच सजा. गणिताच्या चुकीला गणिताची वही.

पालकांनी प्लेस्टेशनवर मुलाचं एक वेगळं अकाउंट काढावं, आपल्या अकाउंटखाली. हे फार कमी लोक करतात. दुकानातून आणतात, वायरी जोडतात आणि मोठ्या माणसाचं एकच अकाउंट करून मुलाच्या हातात देतात. मुलाचं अकाउंट असेल तर रोजचा वेळ ठरवता येतो, अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवता येतं, खर्चाची मर्यादा शून्यावर ठेवता येते. वेळ संपल्यावर फक्त सूचना यावी की थेट बाहेर काढावं, हेही निवडता येतं. मी सूचना ठेवली आहे. मॅच चालू असताना मधेच फेकलं गेलं की भांडण होणार, आणि सूचना आल्यावर स्वतः उठायची सवय मला जास्त मोलाची वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये सोनीने पालकांसाठी फोनवरचं ॲपही आणलंय. मूल जास्तीचा वेळ मागतं, आपण ऑफिसात बसून हो किंवा नाही कळवायचं.

हे सगळं खोका मुलासमोर उघडायच्या आदल्या रात्री करून ठेवा. सिस्टीमचं अपडेट, गेम भरणं याला तास तास जातो. पाडव्याच्या सकाळी उटणं लावून नवे कपडे घातलेलं मूल पडद्यावरची टक्केवारी सरकताना बघत बसतं, ते बघवत नाही.

गेमच्या डब्यावरचा वयाचा आकडाही बघा. ३, ७, १२, १६, १८. तो गेम किती अवघड आहे याचा आकडा नाही, आतलं काय कुठल्या वयाला दाखवावं याचा आहे. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ वर १८ लिहिलेलं असतं आणि ते विचार करून लिहिलेलं आहे. लेकाच्या वर्गातल्या कित्येकांनी तो खेळलाय. आमच्याकडे नाही म्हटलं ते नाहीच. त्यावर चार दिवस अबोला झाला, चालेल. पण आकडा लहान आहे म्हणून डोळे मिटू नका. ३ चा शिक्का असलेल्या मैदानी खेळांच्या गेममध्येही पैसे भरून बंद पाकिटं उघडायची सोय असू शकते, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा प्रकाराला जुगाराच्या कायद्यात बसवलं. तेव्हा आपलं कार्ड त्या अकाउंटला कायमचं जोडून ठेवू नका. गेम घ्यायचाच असेल तेव्हा तेवढ्या रकमेचं व्हाउचर भरा.

आणि डिस्कवालंच घ्या. नवे मोठे गेम महाग असतात. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, अदलाबदल करता येते, लॅमिंग्टन रोडला जुन्या डिस्क मिळतात, मित्राकडून आठवडाभर आणता येते. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरांत मिळून नऊ डिस्क फिरतात. बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी लागते, ती आम्ही घेतलेली नाही. एकाच सोफ्यावर बसून दोघांनी खेळायचे गेम घेतो.

"व्यसन लागेल" ही भीती मलाही होती, म्हणून मी वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात जे वर्णन आहे ते असं: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण बारा महिने दिसत असणं. असं मूल घरात असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पण रविवारी अर्धा तास जास्त खेळला म्हणून पाहुण्यांसमोर मुलाला "व्यसनी झालाय" म्हणू नये. मुलं हे शब्द विसरत नाहीत.

माझ्या मते खरी काळजी करायची तर खिशातल्या फोनची करा. टीव्हीवरचा खेळ हॉलमध्ये असतो. येता-जाता सगळ्यांना दिसतो, आवाज ऐकू येतो, सासऱ्यांना बातम्या लावायच्या असल्या की उठावं लागतं. गोष्ट असलेल्या गेमला शेवट असतो, तो संपतो. फोन पांघरुणात जातो. मोबाइलवरचे बरेच फुकट गेम संपतच नाहीत, कारण संपले तर त्यांची कमाई थांबेल. तरी आपण नववीतल्या मुलाला क्लासच्या नावाखाली फोन विनाअट देतो आणि प्लेस्टेशनवर टक्क्यांची अट घालतो.

ज्यांना झेपत नाही त्यांनी घेऊ नये, हप्त्यावर तर नाहीच. मुलाला सरळ सांगावं, यंदा जमत नाही. आमच्या लहानपणी नव्वदच्या दशकात मामाने दिवाळीत टीव्हीवरचा गेम आणला होता, कॅसेटवर ९९९९९९ गेम लिहिलेले आणि आत मोजून दहा-बारा. बदकं मारायची बंदूक होती. वाड्यातली सगळी मुलं आमच्या खोलीत, एक मेला की दुसऱ्याचा नंबर. ज्यांच्या घरी नव्हता त्यांचीही ती दिवाळी गेम खेळण्यातच गेली. आजही ज्याच्या घरी आहे त्याने दार उघडं ठेवलं तर एका यंत्रात चार घरांची पोरं खेळतात.

काल रात्री मैत्रिणीचा फोन आला. नवऱ्याशी बोलली म्हणाली. सहामाहीचा निकाल दिवाळीनंतर लागणार आहे, आणि ते त्याच्या आधीच घेणार आहेत, निकालाचं नावही न काढता. सगळी जुळवाजुळव कशी करायची म्हणून विचारत होती. रविवारी मुलगा क्लासला गेला की मी तिच्याकडे जाणार आहे. लेकाला बरोबर नेते, त्याला ते माझ्यापेक्षा नीट येतं. सासूबाईही येते म्हणाल्यात, तिच्या सासूला पाऊस दाखवायला.