वजनाची वही

परवा शेजारी पाहुणे आले होते. त्यांनी सहावीतल्या पोरीला विचारलं, "काय गं, कोणत्या शाळेत जातेस?" पोरीने तोंड उघडायच्या आत आई उत्तर देऊन मोकळी. शाळा, मार्क, आवडता विषय, सगळं आईनेच सांगितलं. पाहुणे गेल्यावर त्याच आई मला म्हणाल्या, "हिच्यात कॉन्फिडन्सच नाही हो. एखादा क्लास असला तर सांगा." तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातली. दिवाळीच्या मागेपुढे कापूस घ्यायला व्यापारी टेम्पो घेऊन गावात यायचे. सातवीत होते तेव्हा अप्पांनी मला काट्याशेजारी उभं केलं आणि हातात वही दिली. गाठोड्यांची वजनं मी लिहायची, बेरीजही मीच करायची. पहिल्याच वेळी एक गाठोडं लिहायचं राहून गेलं. ३८ किलोचं. व्यापारी पैसे मोजायला लागला आणि अप्पांच्या लक्षात आलं. चारचौघांत माझे कान तापले, डोळे भरले. अप्पांनी वही काढून घेतली नाही. आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "परत मोज. मी आठेच शे." म्हणजे, मी इथेच आहे. व्यापारी कुरकुरत उभा राहिला, मी एकेका गाठोड्याला हात लावत पुन्हा मोजलं. पुढची पाच वर्षं दिवाळीत वही माझ्याकडेच होती.

आठवीला शहरात मामांकडे राहायला गेले. वर्गात सरांनी गणित घातलं, मी हात वर करून म्हणाले, "माले येस!" म्हणजे, मला येतं. सर म्हणाले, "आधी नीट बोलायला शिक." अख्खा वर्ग हसला. त्यानंतर दहावीपर्यंत मी हात वर केला नाही. गणित येत होतं तरीही.

पोरगी एकच. काट्यापाशी व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारी, वर्गात मुकी. म्हणून "आत्मविश्वास रक्तातच असावा लागतो" हे मला पटत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की "मला हे जमेल" हा भरवसा सगळ्यात भक्कम होतो तो स्वतः काम करून पाहिल्याने. दुसऱ्याच्या शाबासकीचा नंबर त्याच्या खाली. अप्पांना बांडुरा माहीत असायचं कारण नव्हतं.

सरांचा तो घाव भरायला मात्र वय व्हावं लागलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या, पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. त्यांची बोली आमच्या अहिराणीपेक्षा वेगळी, पण तीसुद्धा सरांच्या 'नीट'मध्ये बसली नसती. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिशी ओलांडल्यावर हे नव्याने वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, त्या दिवशी वर्गात चूक माझी नव्हती.

गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या मुलाला भरताची वांगी आणायला एकट्याला पाठवलं. हातात हलकं लागेल ते घे, त्यात बिया कमी असतात, एवढं सांगितलं होतं. त्याने चांगली जड, तुकतुकीत बघून आणली. भरतात नुसत्या बिया. "राहू दे, उद्यापासून मीच आणते," हे अगदी ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी परत त्याच्याच हातात दिली.