शुगर बॉर्डरवर आहे म्हणे!

रक्ततपासणीचा कागद उलटसुलट पाहून डॉक्टर जर आपल्याला म्हणाले असतील, की ‘शुगर बॉर्डरवर आहे, जरा सांभाळा’, तर त्या वाक्याचा उत्तरार्ध विसरून पूर्वार्धाबद्दल आपण निर्धास्त व्हावे, अशी माझी पहिली सूचना आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला बॉर्डर या शब्दाने धडकी भरत असेल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला ती भरण्याचे काहीच कारण नाही. राज्यांची फेररचना होऊन आपला मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण बॉर्डरवरच आहोत. हा सीमावाद सोडवायला महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ साली आला, २००४ साली महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, आणि एवढ्या अवधीत आपण घरे बांधली, पोरांची लग्ने केली, पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली यावरून भांडून घेतले आणि संध्याकाळी एकाच गाड्यावर चहाही प्यायलो. बॉर्डरवर असणे म्हणजे प्रकरण प्रलंबित असणे, आणि प्रकरण प्रलंबित असताना जेवणखाण कोणी सोडत नाही, हा आपला अनुभव आहे. तोच शरीराला कसा लावावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

या शास्त्रातले माझे गुरू म्हणजे शहापुरात आमच्या गल्लीत राहणारे एक अण्णा. त्यांची शुगर आठ वर्षांपूर्वी बॉर्डरवर आली आणि त्यांनी ती इतक्या निष्ठेने सांभाळली, की ज्याचे त्याने शिकावे.

आधी सीमा नेमकी कोठे आहे ते पाहू. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटरला, १०० मिलिग्रॅमच्या आत साखर असेल तर आपण अलीकडे, १०० ते १२५ म्हणजे बॉर्डर, आणि १२६ किंवा त्याहून अधिक आकडा दोनदा आला की पलीकडे. आता हिशेब करा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. म्हणजे निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती, तर पाच ग्रॅमच्या आसपास, चहाचा एक चमचा. आकडा १२६ झाला तर ती होते सहा ग्रॅमच्या थोडी वर. एवढ्या सव्वा ग्रॅमच्या भूभागावरून डॉक्टर आपल्याशी वाद घालतात! अण्णांनी हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडला होता. डॉक्टर म्हणाले, की शरीर ज्या गोष्टीचा एक चमचासुद्धा इतका मोजून ठेवते ती गोष्ट साधी नसणार. यावर अण्णांनी डॉक्टर बदलले. आपणही बदलावेत.

साखर रक्तात का तुंबते, हे कळून घ्यायची इच्छा झालीच, तर मोठी पुस्तके वाचण्याची गरज नाही. गळीत हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी यांपैकी कोठेही साखर कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहावे. बाहेर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची मैलभर रांग आहे, ऊस वाळतो आहे, आणि आत ऊस टाकायची गव्हाण मात्र रिकामी. कारण नंबर पुकारून गेट उघडणारा माणूस जागेवर नाही, किंवा तो घसा फोडून ओरडतो आहे पण गेटची कडी गंजली आहे. आपल्या स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींचे गेट उघडायला लावणारा हा माणूस म्हणजे स्वादुपिंडातल्या बीटा पेशींतून निघणारे इन्सुलिन. कडी गंजली की स्वादुपिंड पहिल्यांदा एकाच्या जागी दोन, मग चार माणसे गेटवर पाठवते, आणि ही ज्यादा भरती चालू असेपर्यंत रक्ताचा आकडा नीटच दिसतो. पुढे भरती संपत येते. तेव्हा कोठे आपली शुगर ‘आत्ताच निघाली’ असे आपण पाहुण्यांना सांगतो. यूकेपीडीएस या मोठ्या ब्रिटिश अभ्यासातून दिसले, की निदान होते तेव्हा बीटा पेशींची जवळजवळ निम्मी ताकद आधीच संपलेली असते. पण जे आपल्याला न कळवता संपले त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असे समजावे.

अण्णांची एक शंका मात्र खरोखर विचार करण्याजोगी होती. रात्री आठला एक भाकरी खाऊन झोपलो, मग सकाळी उपाशीपोटी शुगर वाढली कोठून? चोर घरातलाच आहे. यकृत आपल्याजवळ साखरेचा साठा ठेवते आणि रात्री शरीराला लागेल तशी ती थोडी थोडी सोडते; इन्सुलिनने ‘आता पुरे’ म्हटले की थांबते. इन्सुलिनचे ऐकू येईनासे झाले, की बाहेर रांग लागलेली असतानाही यकृत आपली ट्रॉली रस्त्यावर आणून उभी करते. हे कारण कळल्यावर अण्णांनी रात्रीची भाकरीही पुन्हा दोन केली, कारण न खाण्याचा उपयोग काय?

येथे चेष्टा क्षणभर बाजूला ठेवतो. लहान मुलांना बहुधा होतो तो टाइप वन मधुमेह निराळा. त्यात शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. त्या पोराने कुंदा खाल्ला म्हणून किंवा आईने लाड केले म्हणून तो होत नाही, आणि त्याला इन्सुलिनवाचून दुसरा उपाय नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले; त्याआधी अशी मुले उपासमारीच्या पथ्यावर काही महिने काढून जात असत. अशा मुलाच्या आईला कारल्याचा रस सुचवणाऱ्यांनी निदान तिच्या घरी तरी गप्प बसावे. आता पुन्हा आपल्याकडे वळू, ज्यांना भरपूर वेळ मिळाला आहे.

आहाराच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. बेळगावचा कुंदा हा गोड पदार्थ नसून दुधाचा पदार्थ आहे, गोकाकचा करदंट हा डिंक आणि सुका मेवा असल्यामुळे औषधात मोडतो, आणि लग्नातला मांडा तर इतका पातळ असतो, की त्यात असून असून किती साखर असणार, ही तीन वाक्ये पाठ करून ठेवावीत. (मनातले मांडे मात्र टाळावेत; त्यांनी शुगर वाढत नाही, त्यामुळे आपल्या उद्दिष्टाच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहेत.) चहातली साखर बंद करून गूळ सुरू करावा. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातल्या आकड्याला रंगावरून भेद करता येत नाही, हे खरे. पण गूळ म्हटले की मनाला त्यागाचे जे समाधान मिळते त्याची बरोबरी नाही. भाताविषयी तर बोलायलाच नको. खानापूरकडचा माणूस भात खाऊन उठल्याशिवाय जेवला असे मानत नाही, आणि ताटभर भात पोटात गेल्यावर त्याचीही शेवटी साखरच होते, हे त्याला सांगणे उद्धटपणाचे ठरते. भाताची मूद अर्धी करून उसळ आणि भाजी वाढवली, तर आकडा जेवणानंतर तितका उसळत नाही. म्हणून तसे करू नये.

आणि आग्रह! बारशाला, वास्तुशांतीला, जत्रेला वाढणारी काकी जेव्हा पळी उचलून म्हणते, ‘खावा की हो, एका दिवसानं काय होतंय?’, तेव्हा पानावर हात आडवा धरणे हा तिचा अपमान आहे. वर्षातून असे एक दिवस किती येतात, हे अण्णांच्या सुनेने एकदा दिनदर्शिकेवर खुणा करून मोजले होते. ती दिनदर्शिका पुढे भिंतीवरून नाहीशी झाली.

आपण सडपातळ असाल तर वरचे काहीही वाचण्याचे कारण नव्हते, असे आपल्याला वाटत असेल. त्याबाबत पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी थोडी अडचण करून ठेवली आहे. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस हातापायाने काडीसारखा राहूनही पोटाच्या आत चरबी साठवू शकतो, आणि गेटची कडी गंजवण्यात त्याच चरबीचा हात असतो. पुरुषाने कमरेला टेप लावून ९० सेंटिमीटरच्या आणि बाईने ८० सेंटिमीटरच्या पुढे आकडा जातो का ते पाहावे, असे सांगतात. आपण शर्ट बाहेर काढून घालावा.

व्यायामाला सोडू नये. नाहीतर लोक नावे ठेवतात. पहाटे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली जावे, दोन फेऱ्या माराव्यात, तिसऱ्या फेरीला ओळखीचे कोणी भेटतेच, मग उभ्याने सीमाप्रश्नावर अर्धा तास आणि बसून इडली-वड्यावर अर्धा तास, असा चांगला तासाभराचा व्यायाम होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ साली आले, बॉर्डरवरच्या लोकांनी आठवड्याला दीडशे मिनिटे खरोखरच चालून आणि वजन थोडे उतरवून पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आणले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीला ते ३१ टक्केच जमले. म्हणजे ही एकच सीमा अशी, की जी ओलांडायची की नाही हे पुष्कळसे आपल्या पायांवर अवलंबून असते. बेळगावकराला इतका सोपा निकाल पचत नाही.

तपासणीचे तंत्र महत्त्वाचे आहे. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद, रात्री लवकर जेवण, आणि सकाळी रिकाम्या पोटी हसतमुखाने दंड पुढे करावा. आकडा बहुधा शोभेसा येतो आणि बाहेर पडल्यावर समोरच्या हॉटेलात शिरा खाता येतो. मात्र एचबीएवनसी नावाच्या तपासणीपासून लांब राहावे, कारण तिच्यापुढे कॉपी चालत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांत रक्तात जितकी साखर फिरली त्या प्रमाणात ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी ही नोंद आहे. आपण दोन दिवस दुकानात गेलो नाही म्हणून मागची पाने कोरी होत नाहीत. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे बॉर्डर, ६.५ पासून पुढे मधुमेह. अण्णांनी ही तपासणी सहा वर्षे टाळली. ‘महाग असते,’ असे ते म्हणत, आणि बहुधा ते कुंद्याचा अर्धा किलोचा डबा बांधून घेताना म्हणत.

आता या योजनेतला सर्वांत मोठा गुण सांगतो. यात दुखत नाही. दाढ दुखली असती तर आपण रात्री अडीचला डॉक्टरांचे दार वाजवले असते, पण वाढलेली साखर डोळ्यांच्या पडद्यावरच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सैल करत असते तेव्हा वर्षानुवर्षे अक्षर स्वच्छ दिसते. मूत्रपिंडांच्या गाळण्यांतून प्रथिने झिरपू लागतात तेव्हाही लघवी नेहमीसारखीच होते. आकडा साधारण १८० च्या वर गेला की साखर लघवीत सांडते आणि पाणी ओढून नेते, म्हणून रात्री चारदा उठावे लागते, घसा कोरडा पडतो. ते आपण वयावर ढकलावे. जुन्या वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात हे पाहून या रोगाला मधुमेह म्हटले होते. हल्ली फरशी रोज पुसली जाते.

मज्जातंतूंचे काम सर्वांत शिस्तीत चालते. ज्या तारा लांब त्यांच्यावर पहिला घाला, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, पादत्राण पायातून कधी निसटले ते कळत नाही, आणि मग एके दिवशी सगळा त्रास थांबतो. अण्णांनी याला ‘बरे वाटणे’ म्हटले. तळव्यांची आग थांबावी म्हणून त्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता, तो फेडायला ते डोंगर अनवाणी चढले. ऊन होते, दगड तापले होते, आणि बरोबरचे तरुण पाय उचलून उचलून टाकत असताना सत्तरीचे अण्णा संथपणे चालत होते, याचे आम्हा सर्वांना फार कौतुक वाटले. घरी आल्यावर पाय धुताना सुनेला दिसले, की डाव्या तळव्याची कातडी टाचेपासून बोटांपर्यंत पोळून सुटली आहे आणि फोडात बाभळीचा काटा रुतलेला आहे. ‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ असे म्हणून त्यांनी हळद लावली.

साखर जास्त असलेल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंद होतात आणि पायाकडच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून पुरेसे रक्तही पोचत नाही, त्यामुळे हळद आपल्या परीने झटली तरी जखम हाडाकडे सरकत गेली. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहावेत, पाणी किती गरम आहे हे पायाने नव्हे तर कोपराने पाहावे, घरातसुद्धा पायात काहीतरी घालावे, अशा किरकोळ गोष्टी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना सांगितल्या. तोवर डाव्या पायाची दोन बोटे गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर राउंडला आले. त्यांनी कॉटला अडकवलेला कागद पाहिला, एचबीएवनसी १०.८ होते. अण्णांच्या शेजारी बसून ते जरा जपूनच म्हणाले, ‘अण्णा, तुमची शुगर आता बॉर्डरवर राहिलेली नाही.’

अण्णा गादीवर कोपर टेकून अर्धवट उठले. इतक्या वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर मी तशी उत्सुकता पाहिली.

‘मग?’ त्यांनी विचारले. ‘कुठल्या बाजूला गेली म्हणे?’